मुलगी दुसऱ्यांदा आली पाहिजे

"मॅडम, डोकं लई दुखतंय." दहावीतली मुलगी असते, दप्तर मांडीवर घट्ट धरून खुर्चीच्या टोकावर बसलेली. मी डोक्याचं विचारते, डोळ्यांचं विचारते, सकाळी काय खाल्लंस ते विचारते. ती नुसतं हो-नाही करते. मग उठते, दारापर्यंत जाते आणि कडीला हात लावून मागे वळते. "मॅडम, अजून एक विचारू का?" खरी भेट तिथून सुरू होते.

सातारा जिल्ह्यातल्या माण-खटाव भागात समुपदेशक म्हणून मला बारा वर्षं झाली. डोकेदुखी, चक्कर, अशक्तपणा ही तीन कारणं घेऊन किती मुली आल्या याची मोजदाद नाही, आणि त्यातल्या बऱ्याच जणींचं दुखणं वेगळंच निघालं. हे लिहितेय ते या कामाला नव्याने लागलेल्यांसाठी: मैत्री क्लिनिकमधले, म्हणजे सरकारी दवाखान्यातल्या किशोरवयीनांच्या सल्ला केंद्रातले समुपदेशक, उपकेंद्रातल्या सिस्टर, आशाताई, शाळेतल्या बाई आणि सर. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम जानेवारी २०१४ मध्ये सुरू झाला. त्यात १० ते १९ वयाची सगळी मुलंमुली येतात, शाळेत असोत नसोत, लग्न झालेलं असो नसो. प्रशिक्षणात पुस्तिका मिळते, तक्ते मिळतात. मुलगी दारातून मागे कधी वळते आणि कधी तशीच निघून जाते, हे मात्र खोलीत बसूनच कळत जातं. माझ्या कामाचं माप मी एकाच गोष्टीवर धरते: ती दुसऱ्यांदा आली का?

आधी खोली बघा

सुरुवातीला मला मिळालेल्या खोलीची खिडकी केसपेपरच्या रांगेकडे उघडायची. शेजारी एचआयव्ही तपासणीची खोली आणि दोन्हींना मिळून बाहेर एकच बाक. त्या बाकावर कुणाची मुलगी बसली की गावातली एखादी बाई बघायची आणि संध्याकाळच्या आत तिच्या आईच्या कानावर जायचं, "तुमची पोरगी कुठं बसली होती, बघितलं का?" सहा महिने माझ्याकडे मुली येईनात, आणि मी समजत होते की मुली लाजतात.

म्हणून पहिल्याच दिवशी बाहेरच्या बाकावर जाऊन बसा. आत सहकाऱ्याला नेहमीच्या आवाजात पाळीबद्दल बोलायला सांगा आणि बाहेर काय ऐकू येतं ते बघा. मी हे केलं तेव्हा शब्दन् शब्द ऐकू आला. मग जुन्या चादरीचा पडदा शिवून खिडकीला लावला, बाक उचलून बाह्यरुग्ण विभागाच्या बाजूला नेला, खुर्च्या हलवल्या. आता मुलीची खुर्ची दाराच्या फळीआड असते. कुणी अचानक दार ढकललं तरी आधी मी दिसते. टेबल आमच्या मध्ये नसतं, बाजूला असतं. त्यावर पाण्याचा तांब्या आणि पेला. बोलणं अवघड झालं की मुली पाणी पितात, आणि त्या अर्ध्या मिनिटात मी तोंडातून शब्द काढत नाही. मोबाईल बंद करून खणात ठेवते. तो टेबलावर असला की आपण आवाज भरतोय की काय, असं मुलांना वाटतं.

भिंतीवर कालनिर्णय टांगून ठेवा. पाळीची तारीख तोंडाने सांगायला लाजणारी मुलगी उठून त्यावर बोट ठेवते. आठवत नसेल तर यात्रेच्या आधी की नंतर, घटक चाचणी चालू होती का, असं विचारलं की तारीख निघते.

दारावरची पाटी साधी असू द्या: "आरोग्य तपासणी व सल्ला, वय १० ते १९". येईल त्याचं वजन, उंची आणि हिमोग्लोबिन बघायचंच. त्याने दोन कामं होतात. तपासणी तर होतेच, शिवाय मुलीला घरी सांगायला खरं कारण मिळतं: "रक्त तपासायला गेले होते." तिला खोटं बोलायला लावायचं नाही, पण घरात सगळं उघड करायची वेळही तिच्यावर येऊ द्यायची नाही.

वेळ त्यांच्या सोयीची हवी. आमच्याकडे मुली आठवडे बाजाराच्या दिवशी येतात. त्या दिवशी तालुक्याला यायचं निमित्त असतं, गर्दीत कुणाचं लक्ष नसतं. म्हणून बाजाराच्या दिवशी मी मीटिंगला जात नाही, जेवणही तीननंतर करते. वरिष्ठांना हे एकदा पटवावं लागलं. रजिस्टर उघडून दाखवलं, आठवड्यातल्या निम्म्या भेटी त्या एका दिवसाच्या होत्या.

आता रजिस्टर आणि फोन. रजिस्टर कुलपात ठेवा, केसपेपरवर जरुरीपुरतंच लिहा, आणि फोन तर सगळ्यांत जपून करा. माझ्या हातून झालेली चूक सांगते. नोकरीचं दुसरं वर्ष. अकरावीतल्या एका मुलीची पाळी चार महिने आली नव्हती. दिवस राहिलेले नव्हते, थायरॉईडची शंका होती. रिपोर्ट आले म्हणून मी केसपेपरवरच्या नंबरवर फोन लावला. भावाने उचलला. मी म्हणाले, "दवाखान्यातून बोलतेय. तिला म्हणावं पाळीचे रिपोर्ट आलेत, येऊन जा." एवढंच. घरात त्याचा जो अर्थ निघायचा तो निघाला. पोरीचं कॉलेज बंद झालं. मी त्यांच्या वस्तीवर गेले, आई-वडिलांना रिपोर्ट दाखवले, समजावलं, हात जोडले. त्यांनी ऐकून घेतलं, पण मला उंबऱ्याच्या आत बोलावलं नाही. फेब्रुवारीत तिचं लग्न लागलं. ती मुलगी मला अजून विसरता येत नाही.

तेव्हापासून पहिल्याच भेटीत विचारते, "तुझ्या नंबरवर फोन केला तर कोण उचलतं? करू की नको?" बहुतेक जणी नको म्हणतात. मग पुढची तारीख तिथेच ठरवायची.

आईला बाहेर बसवताना

"तुम्ही जरा बाहेर थांबा" म्हटलं की आईच्या मनात पाल चुकचुकते. मी आधी दोघींना आत घेते, आईचं सगळं ऐकून घेते आणि मग म्हणते, "वहिनी, आमच्याकडे दहा वर्षांच्या पुढच्या प्रत्येक लेकराशी दहा मिनिटं एकट्याशी बोलायची पद्धत आहे. उद्या डॉक्टरांना तिचं तिलाच सांगायचंय, आतापासून सवय होऊ द्या. तोवर तुम्ही सिस्टरकडून बीपी मोजून घ्या." शेवटचं वाक्य फार उपयोगाला येतं. शेत, जनावरं, घर यातून या आयांना स्वतःसाठी दवाखान्याची पायरी चढायला सवडच नसते. दोन वेळा तर आईचंच बीपी वाढलेलं निघालं.

मुलगी एकटी राहिली की नाव केसपेपरवर बघून वाचू नका. "तुला काय म्हणून हाक मारू?" असं विचारा. आमच्या जिल्ह्यात हा प्रश्न साधा नाही. नको असताना झालेल्या मुलीचं नाव इकडे नकुशा ठेवायचे. २०११ साली सातारा जिल्ह्यात समारंभ करून अशा २८० च्या वर मुलींना नवीन नावं दिली गेली. पण कागदावर बदललेलं नाव घरातल्या तोंडी बदलतंच असं नाही. तिला आवडणारं नाव एकदा कानी पडलं की तिचे खांदे सैल झालेले दिसतात.

मग गुप्ततेचं बोला, आणि ते प्रश्न विचारण्याआधी. मी असं सांगते: "तू इथं जे बोलशील ते तुझ्या आईला, बाईंना, कुणालाही मी सांगणार नाही. फक्त काही गोष्टी मला एकटीला ठेवता येत नाहीत. तुझ्या जिवाला धोका असला, तुझ्यावर कुणी जबरदस्ती करत असलं, किंवा १८ वर्षांच्या आत शरीरसंबंध आला असला, तर कायद्याने मला पुढं कळवावं लागतं. तेव्हाही कुणाला, काय कळवणार ते आधी तुला सांगीन." हे ऐकून काही मुली गप्प होतात. तरीही सांगायचं. विश्वासाने सगळं बोलून घ्यायचं आणि मग कायदा दाखवायचा, ही फसवणूक आहे.

प्रश्नांची सुरुवात घरापासून करा. घरी कोण कोण, जेवण, झोप, शाळा, मैत्रिणी, मोबाईल, मग शरीर. शब्द तिचे वापरा. मासिक पाळीला कुणी "अडचण" म्हणतं, कुणी "बाजूला बसले" म्हणतं, "कावळा शिवला" अजून वस्त्यांवर ऐकू येतं. पांढऱ्या स्रावाला "अंगावरून जातं" म्हणतात, आणि लाल जास्त गेलं तरी हेच म्हणतात, तेव्हा रंग विचारून घ्या. "तुझं कुणाबरोबर काही आहे का?" असा पोलिसी प्रश्न नको. "तुझ्या वयाच्या मुलींना कुणी आवडायला लागतं, कुणी मागं लागतं, मेसेज पाठवतं. तुझ्या बाबतीत असं काही?" असं विचारलं तर ती बोलते. आणि उत्तर काहीही आलं तरी भुवया जागेवर राहू द्या. मी हे आरशासमोर बसून शिकले.

पाळी: मोजमाप करून बोला

"जास्त जातं का?" या प्रश्नाला काही अर्थ नाही. ज्या मुलीने फक्त स्वतःचीच पाळी बघितलेली असते, तिला जास्त म्हणजे किती ते कसं कळणार? पॅड किती लागतात, रात्री उठून बदलावं लागतं का, कपड्याला डाग पडतो का, गाठी पडतात का आणि केवढ्या, किती दिवस चालतं, हे विचारा.

नववीतली एक मुलगी आठवते. वस्तीवरून शाळा चार किलोमीटर, चालत. शाळेच्या मुतारीच्या दाराला आतून कडी नाही, म्हणून सकाळी घरी लावलेलं पॅड संध्याकाळी घरीच निघायचं. मांड्या सोलवटलेल्या, खाज, आणि पाळीचे पाच दिवस पाणी न पिण्याची सवय, म्हणजे मुतारीला जायला नको. ती आली होती लघवीच्या जळजळीसाठी. औषध डॉक्टरांनी दिलं, पण गुण कशाने आला? मी मुख्याध्यापकांना भेटले, मुलीचं नाव न घेता, आणि सत्तर रुपयांची कडी बसवून घेतली. समुपदेशन खोलीत संपत नाही, कधी कधी ते हार्डवेअरच्या दुकानात जातं.

पॅड किंवा कापड चार ते सहा तासांनी बदलायचं. कापड वाईट नाही, हे मुलींना आवर्जून सांगा. सुती, स्वच्छ धुतलेलं आणि उन्हात खडखडीत वाळवलेलं कापड चालतं. अडचण अशी की ते साडीखाली, माळवदावर कोपऱ्यात लपवून वाळत घालतात आणि ते ओलसरच परत वापरात येतं. वर पातळ ओढणी टाकून उन्हात घाल, असं सुचवलं की मुली ऐकतात.

पाळीचं चक्र पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत मोजायचं. पहिली एक-दोन वर्षं ते पुढंमागं होतं, २१ ते ४५ दिवसांत आली तर या वयात काळजी नसते. डॉक्टरांकडे कधी पाठवायचं हे मात्र पाठ असू द्या: सात दिवसांपेक्षा जास्त रक्त जाणं, तासा-दोन तासांना पॅड भिजणं, तीन महिने पाळी न येणं, १५ वर्षं पूर्ण होऊनही पहिली पाळी न येणं, १३ पर्यंत छातीची वाढ सुरू न होणं, आणि शाळा बुडवायला लावणारं दुखणं. दुखण्याबाबत आपल्या घरांमध्ये फार निष्ठुरपणा आहे. "आम्हाला नव्हतं का दुखत?" असं म्हणून मुलीला पाणी भरायला पाठवतात. डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी दुखायला लागता लागताच, काहीतरी खाऊन घेतली तर तिचा जास्त उपयोग होतो. कळा असह्य होईपर्यंत थांबायचं नाही. त्या गोळीने पुढं मूल होत नाही, हा समज माझ्याकडे दर महिन्याला येतो. तो खोटा आहे.

पांढरं जाणंही बहुतेक वेळा साधंच असतं, दोन पाळ्यांच्या मध्ये पाण्यासारखं, बुळबुळीत जातं. खाज, घाण वास, दह्यासारख्या गुठळ्या, हिरवट-पिवळा रंग किंवा ओटीपोटात दुखणं असेल तर तपासणी. "अंगावरून जाऊन जाऊन हाडं झिजतात" ही भीती आई मुलीला देते, तेव्हा दोघींना एकत्र बसवून समजवा.

आता निळी गोळी. आठवड्यातून एक, ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. शाळेत वाटली की पाच मिनिटांनी कुंपणाच्या भिंतीमागे जाऊन बघा, निळा सडा पडलेला दिसेल. मुलींना मळमळतं, शौचाला काळं होतं, त्या घाबरतात आणि एकीचं बघून दुसरी टाकते. आधीच सांगा: काळं होणार, ते लोहाचं आहे, त्याने काही बिघडत नाही. उपाशीपोटी घेऊ नको, जेवणानंतर घे. त्याच्या आगेमागे तासभर चहा नको, लिंबू पिळलेलं काही चालेल. मुलींचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय. ८ च्या खाली गेलं तर गोळ्या देऊन घरी पाठवू नका, डॉक्टरांपर्यंत स्वतः चालत न्या. आणि रक्त कमी असलेल्या प्रत्येक मुलीला पाळीत किती जातं ते विचाराच. वर्षातून दोनदा जंताची गोळी घेतली का, तेही.

पोरं कधी येतात

पोरं जोडीने येतात. "याला विचारायचंय" असं एक दुसऱ्याकडे बोट दाखवून म्हणतो. दोघांना वेगवेगळं बसवा, विचारायचं दोघांनाही असतं. बाईपुढे बोलणार नाही असं वाटलं तर सहकारी सरांकडे न्या. पण बरेचसे बोलतात, जमिनीकडे बघत का होईना.

त्यांचं एकच दुखणं वरचेवर येतं: धात जाते. झोपेत कपडे खराब होतात, हस्तमैथुनाची सवय लागलीय, आता अंगातली ताकद संपली, लग्न करता येणार नाही. एसटी स्टँडच्या भिंतीवरच्या जाहिराती हेच सांगतात आणि पावडरी विकतात. आयटीआयला जाणाऱ्या एका मुलाने द्राक्षाच्या बागेत छाटणीला जाऊन मिळवलेले चार हजार रुपये असल्या पुड्यांवर घालवले होते. अभ्यास सुटला होता आणि जेवणही. त्याला मी एवढंच सांगितलं, "तोंडात लाळ तयार होते तसं वीर्य शरीर रोज तयार करतं. ते रक्तातून जात नाही, हाडातून जात नाही. झोपेत बाहेर पडणं म्हणजे शरीर वयात आल्याची खूण. ना हा आजार, ना हे पाप." तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मॅडम, हे दोन वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर?"

पोरांना एक गोष्ट जरूर सांगा, कारण ती कुणीच सांगत नाही. एका अंडगोळीत अचानक जोराची कळ आली, सूज आली, उलटी झाली तर लाजून झोपून राहायचं नाही. गोळीला पीळ पडलेला असू शकतो. सहा तासांच्या आत शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात पोचलं तर ती वाचण्याची आशा चांगली असते. रात्री दोन वाजता घरच्यांना उठवायला लागलं तरी उठवायचं.

मोबाईलवरच्या व्हिडिओंवरूनही बोलायला लागतं. मी विचारते, "त्यातली मुलगी नाही म्हणते का कधी? खऱ्या मुलीने नाही म्हटलं तर?" यावर पोरं विचार करतात. रागावून काही हाती लागत नाही.

पाळी चुकली म्हणून आली तर

पहिली दहा मिनिटं तिला धीर द्या. शेवटची पाळी कालनिर्णयावर दाखवून घ्या, लघवीची तपासणी करा. पोटात एका बाजूला जोराचं दुखत असेल, चक्कर येऊन पडली असेल, तर समुपदेशन बाजूला ठेवा आणि ताबडतोब डॉक्टरांना गाठा. गर्भ नळीत अडकलेला असू शकतो. मेडिकलमधून आणून कुणी गोळ्या दिल्यात का, हेही हळूच विचारा. या गोळ्या डॉक्टरांशिवाय खाऊन रक्तस्रावात आलेल्या मुली मी बघितल्यात.

दिवस राहिले असतील आणि मुलगी १८ च्या आतली असेल तर दोन कायदे एकदम लागू होतात. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा, २०१२ चा: १८ च्या आत तिची संमती कायदा धरत नाही आणि माहिती असणाऱ्याला पोलिसांना कळवावंच लागतं, न कळवणं हा गुन्हा. आणि वैद्यकीय गर्भपात कायदा, १९७१ चा, २०२१ मध्ये सुधारलेला: पालकाची लेखी संमती लागते, २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांचं मत पुरतं, २० ते २४ आठवड्यांत दोन डॉक्टरांचं लागतं आणि अल्पवयीन मुली या सवलतीत बसतात. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की मुलगी आणि पालकांनी विनंती केली तर डॉक्टरांनी पोलिसांना माहिती देताना तिचं नाव, ओळख उघड करायची गरज नाही. हा निकाल छापून खणात ठेवा. नाव फुटेल या भीतीने घरचे मुलीला आडगावच्या भोंदूकडे नेतात. हा कागद दाखवून मी दोन घरांना तिथून परत फिरवलंय.

कळवण्याबद्दल मनाला त्रास होतो, तो होऊ द्या. सतरा वर्षांची मुलगी आणि अठरा वर्षांचा मुलगा एकमेकांच्या ओढीने जवळ आलेले असतात आणि आपल्या एका कागदाने मुलगा तुरुंगात जातो, हे बघून मला रात्री झोप लागलेली नाही. तरीही तोच कायदा पन्नास वर्षांच्या चुलत्याच्या हातून सुटलेल्या मुलीच्या मागे उभा राहतो. आपण तपास करणारे नाही. आपलं काम उपचार लांबू न देणं, तिला एकटी न सोडणं.

जबरदस्ती झाली असेल तर उपचार लगेच आणि मोफत मिळाले पाहिजेत, त्यासाठी गुन्हा नोंदवला जाईपर्यंत थांबायचं नसतं. मुलीची तपासणी महिला डॉक्टरच करतील. ७२ तासांच्या आत आली तर गर्भ न राहण्याची तातडीची गोळी आणि एचआयव्ही टाळण्याची औषधं दोन्ही देता येतात, जितक्या लवकर तितकं बरं. ही तातडीची गोळी गर्भपाताची नव्हे, आधीच दिवस राहिले असतील तर तिचा उपयोग होत नाही.

"मला जगायचं नाही" असं कुणी बोललं, किंवा बोललं नाही पण तसं दिसलं, तर सरळ विचारा, "जीव द्यायचा विचार येतो का मनात?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. तिला एकटी घरी पाठवू नका. घरात फवारणीची औषधं कुठं ठेवलीत ते घरच्यांना विचारून कुलपात ठेवायला लावा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, तो खोलीतूनच लावून द्या.

"मॅडम, माझं ठरलंय"

आमच्याकडे लग्न लवकर लावण्याला कारणं आहेत, आणि ती समजून न घेता आईबापाला शहाणपण शिकवलं तर ते ऐकत नाहीत. गलाई कामाला, म्हणजे सोनं-चांदी गाळायला, परराज्यात गेलेली कुटुंबं वयात आलेली मुलगी गावी म्हाताऱ्या आजीकडे ठेवायला घाबरतात. ऊसतोडीत नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात, उचल, म्हणजे आगाऊ पैसे, जोडीला मिळते, म्हणजे लग्न झालं की कमावणारा हात वाढतो. मग मी अठरा वर्षांचा कायदा सांगण्याआधी विचारते, "ती दोन वर्षं कुठं राहील, याची सोय झाली तर थांबाल का?" वसतिगृह, एसटीचा मोफत पास, मावशीचं घर, काहीतरी निघतं. दर वेळी निघतंच असं नाही.

मुलीला लग्न नको असेल तर १०९८ या मुलांच्या हेल्पलाईनवर फोन करता येतो. गावात ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. हळद लागेपर्यंत थांबू नका. मुलीने सांगितलं हे कुणाला कळू देऊ नका.

आणि नुकतीच अठरा पूर्ण होऊन लग्न झालेली मुलगी आली तर तिला वाऱ्यावर सोडू नका. "एक पोर होऊ दे, मग बघू" असं सासू म्हणते. पहिलं मूल लांबवायला निरोध, रोजची माला-एन गोळी आणि आठवड्याची छाया गोळी सरकारी केंद्रात मोफत मिळतात. छाया पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि पुढं एकदा. शक्य असेल तर नवऱ्यालाही बोलवा. निरोधबद्दल सासूपुढे बोलणं तिला जमणार नाही, नवऱ्याशी तुम्ही बोलू शकता.

पुढची तारीख

भेट संपताना मी चिठ्ठी देते. त्यावर फक्त तारीख, वार आणि खोली नंबर. आजाराचं नाव नाही, औषधाचं नाही. तारीख बाजाराचीच. तिच्या गावच्या आशाताईंना कळवलेलं चालेल का, हे तिलाच विचारते. काही आशा मुलीच्या चुलत्या-मावश्या लागतात, आणि नात्यातल्या बाईला सांगणं मुलींना नको असतं.

ती डोकेदुखीवाली मुलगी त्या दिवशी कडी सोडून परत आत येऊन बसली. तिला छातीत एका बाजूला गाठ लागत होती आणि चार महिने ती कॅन्सर समजून एकटी रडत होती. डॉक्टर मॅडमनी तपासलं, या वयात होणारी साधी गाठ निघाली, सोनोग्राफीची तारीख दिली. पुढच्या बाजारी ती आली, बरोबर धाकटी बहीण. मी विचारलं, "हिलाही आत घेऊ, का आधी तुझं?"

"आधी माझं," ती म्हणाली, बहिणीला बाकावर बसवलं आणि दार स्वतःच लोटून घेतलं.